समोर येऊन बसलात, त्याबद्दल

आदरणीय आमा,

सविनय नमस्कार आणि ताशी देलेक.

हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. आपला फोन नंबर मी घेतला नाही आणि नाव विचारायचे तर शेवटपर्यंत राहूनच गेले. शेजारच्या दुकानातली मुले आपल्याला ‘आमा’ अशी हाक मारत होती, म्हणून मीही तशीच मारू लागले. आमा म्हणजे आई, हे मला घरी आल्यावर कळले. नागपुरात दर हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी स्वेटरबाजारातले आपले दुकान एव्हाना उठले असेल आणि लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, आधी आपण गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्गेलिंगच्या तिबेटी वसाहतीत परतला असाल. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. अर्जुनी मोरगावकडच्या कोणाच्या नजरेस ते पडले, तर त्याने ते आपल्याला वाचून दाखवावे, एवढी विनंती आहे. समजावून सांगण्याची गरज पडणार नाही, कारण झाडीपट्टीतली मराठी आपण माझ्यापेक्षा अधिक सहजतेने बोलता.

पत्राचे कारण म्हणाल तर एक फूल. लोकरीचे, गुलबक्षी रंगाचे, पाणीपुरीच्या पुरीएवढे. ते ज्या स्वेटरवर बसले आहे त्या स्वेटरची हकिगत आपण त्या दिवशी अर्धीच ऐकलीत, कारण मध्येच मफलर बघायला गिऱ्हाईक आले होते. उरलेली इथे सांगते.

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या थंडीत माझ्या आईने माझ्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी पोपटी रंगाचा, गुलबक्षी काठाचा स्वेटर विणून संपवला. पुढच्या पावसाळ्यात आईचा उजवा हात थरथरू लागला. आधी आम्ही अशक्तपणा समजलो, मग कंपवाताचे निदान झाले, आणि त्यानंतर आईच्या हातून एकही विणकाम पुरे झाले नाही. म्हणजे हा पोपटी स्वेटर तिचा शेवटचा. तो विणला जात असताना आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते, नाहीतर मी त्याला जपले असते. मी तो धुतला, घडी घातली, ट्रंकेत ठेवला आणि डांबराच्या गोळ्या टाकायला विसरले.

यंदा माझ्या भावाची मुलगी त्या वयाची झाली. दिवाळीनंतर ट्रंक उघडली, तर स्वेटरच्या छातीवर डाव्या बाजूला आठ आण्याच्या नाण्याएवढे भोक. कसर लागली होती. कसर ॲक्रिलिकच्या धाग्याला सहसा तोंड लावत नाही, तिला अस्सल लोकर लागते. त्यामुळे त्याच ट्रंकेतले बाजारातून घेतलेले स्वस्त स्वेटर जसेच्या तसे राहिले होते आणि आईने हट्टाने चांगली लोकर आणून विणलेला तेवढा खाल्ला गेला होता. मी स्वेटर आईपासून लपवणार होते, पण ती पलंगावरून सगळे बघत होती. तिने हात पुढे केला, भोकातून बोट घातले, कडेचे टाके चाचपले आणि म्हणाली, “एवढंच ना? यावर फूल लाव. डब्यात गुलबक्षी असंल थोडी.”

आईचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, ज्यात चाळीस वर्षांच्या विणकामातून उरलेले सगळे तुकडे आहेत. कोणाच्या बाळंतविड्यातला निळा, माझ्या शाळेच्या स्वेटरमधला तपकिरी, वडिलांच्या कानटोपीतला राखाडी. त्यात तळाशी सुपारीएवढा गुलबक्षी गुंडा खरोखरच निघाला. फूल कसे करायचे हेही आईने सांगितले, पण तिला ते हाताने दाखवता येईना. सुया धरल्या की एकमेकींवर वाजत. दोनदा प्रयत्न करून तिने त्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुला नाही जमायचं ते. तुझा हात उलटा.”

आमा, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मी डावखुरी आहे. पाचवीत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम होते. बाईंनी माझ्या हातातल्या सुया काढून तीन वेळा उजव्या हाताला दिल्या, तीन वेळा त्या माझ्याही नकळत डावीकडे गेल्या, आणि चौथ्या वेळी बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या की हिने नमुना घरून आईकडून करून आणावा, आपण गुण देऊन टाकू. मी तसा करून आणला आणि दहापैकी नऊ गुण मिळवले. आईचा एक गुण कोणत्या चुकीसाठी कापला, हे कोडे आजही आमच्या घरात सुटलेले नाही. त्यानंतर तीस वर्षांत मी सुयांना हात लावला नाही.

या वेळी मात्र हात लावावा लागणार होता, म्हणून मी माणसे शोधत निघाले. ती कुठली, हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना वाईट वाटावे म्हणून मी हे लिहीत नाही, थोडेसे वाटले तर माझी हरकतही नाही. रफूवाल्याने स्वेटर दोन बोटांत धरून सांगितले की एवढ्या मजुरीत नवा येईल. लोकरीच्या दुकानात मी सुपारीएवढा गुंडा दाखवून “एवढ्यात फूल होईल का, आणि ते कोणी करून देईल का,” असे विचारले, तर काउंटरमागचे गृहस्थ म्हणाले, की अख्खा गुंडा घेणार असाल तर बोला, उरलंसुरलं घेऊन लोक कशाला येतात कोण जाणे. एका हस्तकलेच्या वर्गात बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले, सहा आठवड्यांच्या वर्गाची फी सांगितली, आणि मी डावखुरी असल्याचे कळताच फीची पावती फाडण्याच्या बेतात असलेला हात थांबवून म्हणाल्या, “मग कठीण आहे हो, इतरांचा वेळ जातो.” मोबाइलवरचे व्हिडिओही पाहिले. त्यांतले सगळे हात उजवे आणि इतके चपळ, की दहा वेळा मागे नेऊनही माझी बोटे पहिल्याच ओळीत अडकून पडली.

या सर्वांनी मिळून माझी खात्री पटवली होती, की आईचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून मी फुलाचा नाद सोडला आणि भाचीसाठी नवा स्वेटर घ्यायला आपल्या बाजारात आले. माप दाखवता यावे एवढ्यासाठी पोपटी स्वेटर पिशवीत होता. गुंडाही त्याच पिशवीत राहिला होता.

आपण दुकानाच्या कोपऱ्यात बसून पायमोजा विणत होतात. समोर लुधियानाहून आलेल्या मशीनच्या स्वेटरांची एवढी मोठी थप्पी आणि मागे आपण हाताने एक पायमोजा विणताय, हे बघून मला हसू आले होते, हे आता कबूल करते. मी माप म्हणून स्वेटर काढला. आपण माप बघितलेच नाहीत. स्वेटर उलटा केलात, आतली बाजू बघितलीत, आणि विचारलेत, “हे कोणी विणलं?” मी आईचे नाव सांगितले, जणू काही आपण तिला ओळखत असाल. मग आपण भोकातून बोट घातलेत, अगदी आईने घातले होते तसेच. मी भीतभीत गुलबक्षी गुंडा पुढे केला. आपण त्याचा धागा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकदा, दोनदा असा मोजलात. “आठ हात लागते,” आपण म्हणालात, “हे तर पुष्कळ आहे. बस ना. आत्ता होते.”

मी म्हटले, मला जमत नाही. आपण म्हणालात, “काहून?”

त्या ‘काहून’चे उत्तर मला देता आले नाही. मी आपल्या शेजारी बाकावर बसले, आपण दिलेल्या जाड सुया आणि आधी सराव करायला म्हणून दिलेली दुसरी राखाडी लोकर घेतली, आणि नेहमीप्रमाणे माझी काम करणारी सुई डाव्या हातात गेली. मी आपल्याकडे बघितले. आता आपण म्हणणार, तो हात नव्हे, हा हात. आणि मी म्हणणार, जाऊ द्या. मी पिशवीचे बंदसुद्धा हातात घेतले होते.

आपण काहीच म्हणाला नाहीत. माझ्या हाताकडे बघितलेत, मग आपल्या हाताकडे. उठलात. कोपऱ्यातले निळे प्लॅस्टिकचे स्टूल ओढलेत, मफलरांच्या ढिगाला वळसा घालून पुढे आणलेत आणि माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे, रस्त्याकडे पाठ करून बसलात. “आता माझ्याकडे बघ,” म्हणालात. “आरसा आहे समज.”

आमा, माझे आभार या एका गोष्टीसाठी आहेत. फूल तर नंतर झाले. लोकर थोडी, सुया आपल्या, तास-दीड तासाचा वेळ, या सगळ्याचे ऋण आहेच. पण ते स्टूल उचलून आपण समोर आलात, त्याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. शेजारी बसून शिकवले की डावखुऱ्याला सगळे मनातल्या मनात फिरवून घ्यावे लागते, आणि तीस-चाळीस टाक्यांनंतर डोके दमते. समोर बसले की फिरवावे लागतच नाही: आपला उजवा हात तिथे माझा डावा, आपली सुई जिकडून येते तिकडूनच माझी. इतकी साधी गोष्ट आहे. माझ्या शाळेतल्या बाईंना, वर्गाच्या बाईंना, खुद्द माझ्या आईला ती सुचली नाही, कारण सुचण्यासाठी आधी असे वाटावे लागते की हलायचे आपण आहे, समोरच्याने नव्हे. आणि आपण कधी हललात? संध्याकाळचे सहा वाजले होते, बाजारात गर्दी वाढत होती, आणि वर्षातले तीन-चार महिनेच ज्यांचा धंदा चालतो अशा एका बाईने गिऱ्हाइकांकडे पाठ केली होती. मी बघत होते. दोघीजणी जाकिटे हाताळून, कोणी विचारत नाही म्हणून निघून गेल्या. आपण वळूनही पाहिले नाहीत.

पुढचे आपल्याला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना ते पुन्हा होते. सुईवर साठ टाके घालायचे, एक ओळ साधी सुलट विणायची, मग प्रत्येक दोन टाक्यांचा एक करत जायचा. साठांचे तीस झाले तेव्हाच पट्टी कडेला चुण्या घेऊ लागली. तिसांचे पंधरा होताना माझ्या सुईवर चौदाच निघाले. मी उसवायला निघाले, तर आपण माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवून म्हणालात, “फुलाला कोण मोजते?” आणि मग शेवटचे ते काम, ज्यासाठी मी आयुष्यभर विणकाम करायला तयार आहे: मोठ्या नाक्याच्या सुईत धाग्याचे टोक ओवून ते त्या चौदाही टाक्यांतून नेले, विणकामाची सुई काढून घेतली, आणि आपण मान हलवल्यावर ओढले. सरळ, वाकडीतिकडी, झालरीसारखी दिसणारी ती पट्टी एका क्षणात गोल फिरली, कडा बाहेर फुलल्या, मध्ये खोलगट झाले, आणि माझ्या डाव्या तळहातावर एक राखाडी फूल बसले. मी मोठ्याने ओरडले होते. शेजारचा मुलगा काय झाले म्हणून बघायला आला होता, आठवते?

गुलबक्षी फूल त्यानंतर केले, आणि त्यात बरोबर पंधरा टाके आले, हे नमूद करते.

विणता विणता आपण जे बोललात तेही मी विसरलेले नाही. १९५९ नंतर आपले आईवडील तिबेटातून आले, हिमाचलात रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायची आणि जेवणाच्या सुट्टीत विणायची; नंतर १९७२ साली इकडे वसाहत झाली तेव्हा आपण शाळेच्या वयाच्या होतात. पूर्वी हाताने विणलेले स्वेटरच आपण लोक विकायला आणत असा, आता गिऱ्हाइकाला मशीनचे हवे असतात. हे आपण तक्रारीच्या सुरात सांगितले नाहीत. फक्त पायमोज्याकडे बोट दाखवून म्हणालात, “हे माझ्यासाठी. विकायला नाही.” आणि उरलेल्या लोकरीचे आपल्या आईही असेच करत असत, लहान मुलांच्या टोप्यांवर फुले, कोपर फाटले की त्यावर फूल, फूल दिसले की समजायचे, खाली भोक आहे. यावर आपण इतक्या हसलात की सुईवरचा एक टाका सुटला. माझ्यासारखाच.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगली. सुलट टाका मागच्या बाजूने बघितला तर तो उलट दिसतो, उलट टाका मागून सुलट. दोन वेगळे टाके नसतातच, एकाच टाक्याच्या दोन बाजू. विणणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असते, माझ्या आईला तर पन्नास वर्षे ठाऊक आहे. तरी ती माझ्या हाताला उलटा म्हणत राहिली, याचा मला त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर फार राग आला. घरी पोहोचेपर्यंत तो उतरला. तिलाही कोणी समोर बसून दाखवले नसणार.

तेव्हापासून मी माणसे बघताना एक गोष्ट बघू लागले आहे, की कोण जागचे हलते. आमच्या जवळच्या बँकेत एक शिपाई आहेत, पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना खिडकीपाशी उभे न करता फॉर्म घेऊन स्वतः बाकाजवळ जातात. एसटीचे एक वाहक मी पाहिले, आजीबाईंना पायरी चढवेना तर हाक मारत दारात उभे न राहता खाली उतरले आणि त्यांची पिशवी आधी वर ठेवली, मग त्यांना. यांना कोणी पुरस्कार देत नाही. त्यांच्या कामाच्या यादीत हे नसतेच, आणि त्यांनी ते केले नाही म्हणून कोणी तक्रारही करणार नाही. पण ज्याच्यासाठी कोणी असे हलले आहे, त्याला ते जन्मभर आठवते, आणि ज्याच्यासाठी कोणीच हलले नाही, तो शेवटी स्वतःलाच दोष देऊ लागतो. मी तीस वर्षे दिला. वर्गाच्या बाई वाईट नव्हत्या, त्यांच्या टेबलावर नीट रांगेत लावलेले लोकरीचे रंगीत गुंडे होते आणि भिंतीवर प्रमाणपत्रे. त्यांना फक्त खुर्ची फिरवायची होती.

फूल आईला कसे वाटले, हे आपण विचारून ठेवले होतेत, म्हणून सांगते. मी ते घरी येऊन स्वतःच स्वेटरवर टाचले, मधोमध डब्यातल्या पिवळ्या लोकरीची गाठ दिली, आणि काहीही न बोलता स्वेटर आईच्या मांडीवर ठेवला. तिने आधी फुलाकडे बघितलेच नाही. आपल्यासारखाच स्वेटर उलटा केला. आतल्या बाजूला भोकाच्या कडा मी गुलबक्षी धाग्याने धरून घेतल्या होत्या, त्यावरून तिचे थरथरते बोट फिरले, एकदा, मग उलट दिशेने एकदा. मग तिने सुलट बाजू केली आणि फूल चिमटीत धरले. तिच्या हाताच्या थरथरीने फुलाच्या कडा हलत होत्या. “हे कोणी केलं?” तिने विचारले. मी म्हटले, मी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “टोक फार लांब सोडलंय मागं. पोरीच्या बोटात अडकंल. काप.”

मी कात्री आणली. तिने ती माझ्या डाव्या हातात दिली.

भाची तो स्वेटर घालून फिरते. फूल तोंडात घालण्याचा तिचा प्रयत्न चालू आहे, अजून यश आलेले नाही. माझ्या मुलीने डबा ताब्यात घेतला आहे. तिने तपकिरी, निळे आणि राखाडी अशी तीन फुले केली. ती उजव्या हाताची आहे, त्यामुळे तिला शिकवताना स्टूल ओढून तिच्यासमोर बसावे लागले. मला ते लगेच सुचले, हे आपल्याला कळावे.

शेवटी थोडा हिशोब. फुलाचे पैसे आपण घेतले नाहीत, म्हणून मी संकोचाने एक मफलर घेतला, आणि सवयीने पन्नास रुपये कमी करायला सांगितले. आपण मागच्या पाटीकडे बोट दाखवलेत, ‘एकच दर’. “फूल फुकट,” आपण म्हणालात, “मफलर नाही.” आपले बरोबर होते. मफलर उत्तम आहे, आई वापरते.

ते पहिले, चौदा टाक्यांचे राखाडी फूल मी आपल्यासाठी ठेवले आहे. त्या दिवशी आपल्या थप्पीवर ठेवून जायचे होते, पण हातातून सुटेना. पुढच्या हिवाळ्यात बाजार भरला की घेऊन येईन. आपल्या पायमोज्याच्या टाचेला भोक पडले असेल, तर त्यावर लावून देते. निळे स्टूल मी उचलेन.

आपली,
गुलबक्षी गुंडेवाली
नागपूर